पनीरला शून्य, तूरडाळीला पाच टक्के

माझ्या दुकानात तांदूळ तीन तऱ्हांनी विकला जातो. तीस किलोचं बंद पोतं घेतलं तर त्यावर जीएसटी नाही. तेच पोतं फोडून मी सुटा तांदूळ तोलून दिला तर त्यावरही नाही. पण कंपनीनं एक किलोच्या पाकिटात भरून, वर नाव आणि वजन छापून पाठवलेल्या तांदळावर पाच टक्के कर आहे. नियम असा, की पंचवीस किलोपर्यंतचं छापील, सीलबंद पाकीट असेल तर कर लागतो आणि पंचवीसच्या वर गेलं की सुटतो.

नसरापूरला, चेलाडी फाट्यावरून आत वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. गल्ल्यावर बसणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते, ती म्हणजे कोण काय घेतं. पोतं घेतात ते माझे शिक्षक गिऱ्हाईक, बँकेतले, पंचायत समितीतले आणि शिरवळच्या कारखान्यात कायम झालेले. एक तारखेला पगार जमा होतो, गाडीच्या डिकीत पोतं जातं, घरात ठेवायला जागा असते. किलोचं पाकीट घेतात ते बांधकामावरचे मजूर, महामार्गालगतच्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहणारी ठेकेदाराकडची पोरं, कातकरी वस्तीवरच्या बाया आणि मुलं पुण्याला गेलेली म्हातारी जोडपी. ज्याच्या हातात एकरकमी पैसे आहेत त्याच्या भातावर कर नाही. ज्याला आजची मजुरी आजच खर्चावी लागते त्याच्या भातावर आहे. ही व्यवस्था कोणी मुद्दाम गरिबाच्या विरोधात रचली असं मी म्हणत नाही. पण परिणाम हाच आहे आणि तो मी रोज पाहतो.

कोणी म्हणेल, मग सुटा घ्यावा. मीही पूर्वी हेच म्हणायचो. पण वेल्ह्याचा, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सुट्या डाळीची गत ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की कागदाच्या पुडीतलं पीठ घरी पोचेपर्यंत मऊ पडतं. ज्याच्याकडे पैसे आहेत तो मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करून ठेवतो. बाकीच्यांना भर पावसात किलो-अर्धा किलोनं न्यावं लागतं आणि तेव्हा प्लॅस्टिकचं पाकीट हाच शहाणपणाचा सौदा असतो. शिवाय गुंजवणीच्या खोऱ्यात वर, वाड्या-वस्त्यांवर घराच्या पडवीत चालणारी दुकानं आहेत. तिथं पोती रचायला जागा नाही. मुद्रांकन केलेला वजनकाटा ठेवणं, तो दर वेळी तपासून आणणं त्यांना परवडत नाही. ते माझ्यासारख्याकडून पाकिटं नेतात आणि खुंटीला अडकवून विकतात. म्हणजे बाजारापासून जितकं लांब, तितकी पाकिटं जास्त.

पाकिटावर कर आला १८ जुलै २०२२ ला. त्याआधी, २०१७ पासून, फक्त नोंदणीकृत ब्रँडच्या धान्यावर पाच टक्के होता. त्यात मोठ्या कंपन्यांनी पळवाट काढली. ब्रँडवरचा हक्क आपण सोडतो असं लिहून द्यायचं आणि कर चुकवायचा. जे इमानानं कर भरत होते त्यांनीच तक्रार केली. ती तक्रार रास्त होती. पण त्यावर उपाय असा निघाला, की ब्रँड असो-नसो, छापील पाकिटातल्या सगळ्याच धान्याला कर लावा. चुकवणारे थोडे होते आणि बोजा पडला सगळ्या खाणाऱ्यांवर. तांदूळ, गहू, पीठ, डाळ, गूळ, पोहे, मुरमुरे, दही, ताक, सगळं त्यात आलं. पुण्याच्या मार्केटयार्डातल्या भुसार व्यापाऱ्यांनी तेव्हा बंद पाळला. हा निर्णय ज्या बैठकीत झाला ती जीएसटी परिषदेची ४७ वी बैठक, चंदीगडला, २८ आणि २९ जून २०२२ ला. त्या दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्राचे डोळे कुठं होते ते वाचकांना आठवत असेल. मुंबईत सरकार कोसळत होतं आणि २९ च्या रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. आमच्या पिठावर कर लागला ही बातमी त्या गदारोळात कुठल्या पानावर होती, कुणास ठाऊक.

केंद्रीय अर्थमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं, की धान्यावर कर ही काही नवी गोष्ट नाही. जीएसटीच्या आधी एकटं पंजाब धान्याच्या खरेदी करातून दोन हजार कोटींहून जास्त मिळवत होतं. ते खरं आहे. पण महाराष्ट्राची गोष्ट निराळी होती. व्हॅटच्या काळात आपल्याकडे दर वर्षी अर्थसंकल्पाच्या भाषणात एक यादी वाचली जायची. तांदूळ, गहू, डाळी आणि त्यांची पिठं, हळद, मिरची, चिंच, गूळ, नारळ, धने, मेथी, पापड, ओला खजूर आणि त्याच यादीत सोलापुरी चादरी आणि टॉवेल. यांची करमाफी आणखी एका वर्षानं वाढवली, असं अर्थमंत्री सांगायचे. पक्ष बदलले, मंत्री बदलले, ती यादी राहिली. वडील दुकानातल्या रेडिओवर ती ऐकत. राज्याला त्या यादीतल्या धान्यातून उत्पन्न नको होतं, हे दर वर्षी जाहीरपणे म्हटलं जात होतं.

आता २०२५ कडे येतो, कारण त्या एका वर्षात करांत जेवढी उलथापालथ झाली तेवढी मी दुकानात बसल्यापासून पाहिली नाही. १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत नाही, असं ठरलं. सरकारच्याच अंदाजानं त्यात एक लाख कोटींचं उत्पन्न सोडलं गेलं. मग २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं अठराची पाचवर आली. तूप, लोणी, फरसाण बारावरून पाचवर. वह्या-पेन्सिली शून्यावर. या सगळ्यात सरकारनं अठ्ठेचाळीस हजार कोटी सोडल्याचा अंदाज दिला.

ही कपात चांगलीच झाली. साबण प्रत्येक घरात लागतो, वह्या प्रत्येक पोराला लागतात. पण नव्या दरांची यादी हातात घेऊन मी शेल्फवरचा एकेक माल ताडून पाहिला, तेव्हा मला जे दिसलं ते वाचकांसमोर ठेवतो. पाकिटबंद पनीर पाचाचं शून्य झालं. पाकिटबंद तूरडाळीवर पाच राहिले. तयार पराठा अठराचा शून्य झाला, तयार चपातीही शून्य. ती चपाती घरी लाटायला जे पीठ पाकिटातून आणायचं त्यावर पाच राहिले. नसरापूरच्या वस्तीवर पनीर आठवड्याला किती घरांत शिजतं आणि तुरीचं वरण किती घरांत, हे सांगायला कुठल्याही समितीची गरज नाही. मीठ मात्र पुडीत असो की गोणीत, शून्य. १९३० साली शिरोड्याला, वडाळ्याला लोकांनी त्याच्यासाठी लाठ्या खाल्ल्या म्हणून असेल, पण मिठावर परत हात टाकायची कुणाची छाती झाली नाही. सीलबंद मीठ शून्य ठेवता येतं, सीलबंद दूध शून्य ठेवता येतं, आता सीलबंद पनीरही ठेवता येतं. म्हणजे पाकीट ओळखणं, तपासणं, चोरी रोखणं ही अडचण नाहीच. डाळ-तांदळाचं तेवढं राहून गेलं.

आयकराच्या सवलतीबद्दलही मनापासून लिहितो, कारण तिचा लाभ झालेले माझे शेजारी आहेत. जानेवारी आला की पूर्वी आमच्याकडच्या मास्तरांची धावपळ असायची. विम्याच्या पावत्या, पीपीएफचं पुस्तक, घरकर्जाच्या व्याजाचा दाखला, मुलांच्या फीची पावती, सगळं गोळा करून कलम ८०-सीचे दीड लाख भरून काढायचे. ती मर्यादा २०१४ पासून जागची हलली नाही. आता नव्या प्रणालीत तो कागदांचा ढीग लागत नाही आणि बारा लाखांवर आधीच्या वर्षी जो ऐंशी हजार कर पडायचा तोही गेला. एका घराला वर्षाला ऐंशी हजार म्हणजे मुलीच्या कॉलेजची फी आहे. त्यांना ते मिळालं याचा मला आनंद आहे. त्यातले काही पैसे माझ्याही गल्ल्यात आले.

पण २०२४ साली ३१ जुलैच्या मुदतीपर्यंत देशात विवरणपत्रं भरली गेली सव्वासात कोटी. डाळ-भात खाणारी माणसं एकशे चाळीस कोटी आहेत. आयकरातली कुठलीही सूट, वजावट किंवा माफी त्या सव्वासात कोटींच्या दारापर्यंत जाते आणि तिथं थांबते. ज्याला आयकर लागूच होत नाही त्याला सरकारकडून करात काही परत द्यायचं, तर ते त्याच्या खरेदीतूनच द्यावं लागेल. दुसरा रस्ता नाही. आणि तो ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त पैसे घालतो ती वस्तू अन्न आहे.

शेतकऱ्यालाही हेच लागू. शेतकरी कर भरत नाही, हे वाक्य मी शहरातल्या नातेवाइकांकडून फार ऐकतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरं. पण खतावर पाच टक्के, कीटकनाशकावर अठरा टक्के तो भरतो आणि व्यापाऱ्याला जसं भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं तसं त्याला मिळत नाही. भोरचा शेतकरी इंद्रायणी पिकवतो, गिरणीवर भरडून आणतो, आणि डाळ, साखर, तेल, चहा माझ्याकडून घेतो तेव्हा पुन्हा भरतो.

माझ्या बिलावर हा कर दिसत नाही. मी कंपोझिशनमध्ये आहे, म्हणजे उलाढालीवर एक टक्का स्वतः भरतो आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. चाळीस लाखांच्या आतल्या दुकानाला तर नोंदणीच लागत नाही. त्यामुळे वस्तीवरच्या मावशींना वाटतं, आपण कर भरत नाही, कर मोठी माणसं भरतात. तो एमआरपीत मुरलेला असतो. शंभर रुपयांच्या पाकिटात पावणेपाच रुपये. त्यातले निम्मे दिल्लीला, निम्मे मुंबईला.

मुंबईचं नाव आलं म्हणून आता त्या कराबद्दल बोलतो, जो पूर्णपणे राज्याच्या हातात आहे आणि ज्याच्यावर कुणी लिहीत नाही. व्यवसाय कर. कामगार त्याला पीटी म्हणतात. पगाराच्या स्लिपवर पीएफ, ईएसआय आणि त्याखाली पीटी दोनशे. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुष कामगाराला हा पूर्ण लागतो. साडेसात हजारांपर्यंतच्या पगाराला तो नाही, पण ती मर्यादा २०१४ सालची आहे. ठेकेदाराकडे बारा हजारांवर काम करणारा आमच्याकडचा पोरगा वर्षाला अडीच हजार भरतो, म्हणजे मिळकतीच्या पावणेदोन टक्के. महिना लाखावर असलेला साहेबही अडीच हजारच भरतो, म्हणजे पाव टक्क्याहून कमी. आणि त्या साहेबांना आता आयकर शून्य आहे. महिलांसाठी २०२३ पासून ही मर्यादा पंचवीस हजारांवर नेली, ते उत्तम केलं. पण ज्या घरात बाई कामाला जात नाही आणि नवऱ्याच्या बारा हजारांवर सगळं चालतं, त्या घराचं काय? शेजारच्या कर्नाटकात २०२३ पासून पंचवीस हजारांच्या आत कुणालाच हा कर नाही.

या कराचा जन्म आठवला की जास्त वाईट वाटतं. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यावं आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं, इतका स्वच्छ विचार त्यामागं होता. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा तो कायदा आहे. पन्नास वर्षांनंतर त्याच मजुराचा नातू शिरवळच्या शेडमध्ये बदली कामगार म्हणून उभा आहे आणि तो कर त्याच्याच पगारातून कापला जातो.

मग राज्यानं पैसा आणायचा कुठून? हा प्रश्न टाळून चालणार नाही. व्यवसाय कराची अडीच हजारांची कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमात आहे आणि ती १९८८ मध्ये, साठाव्या घटनादुरुस्तीनं ठरली. तेव्हापासून पगार किती पटींनी वाढले! चौदाव्या वित्त आयोगानं ही मर्यादा बारा हजार करा म्हटलं, पंधराव्यानं अठरा हजार करा म्हटलं. ती वाढवावी. महिना लाखाच्या वर मिळवणाऱ्यानं वर्षाला अठरा हजार द्यायला हरकत नसावी, त्याला आयकरात त्याहून कितीतरी जास्त नुकतंच सुटलं आहे. त्या बदल्यात पंचवीस हजारांच्या आतल्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, सोडून द्यावं. घटनादुरुस्तीला वेळ लागेल हे मान्य. पण खालची मर्यादा वाढवायला दिल्लीची परवानगी लागत नाही. ती मार्चच्या अर्थसंकल्पात एका ओळीत होते, महिलांची झाली तशीच.

धान्याच्या पाकिटाचं काम एकट्या महाराष्ट्राच्या हातात नाही, ते परिषदेत आहे. तिथं मतांचा दोन तृतीयांश भार राज्यांचा आहे. आक्षेप तीन येतात. पहिला, गरिबाला रेशन फुकट मिळतं. मिळतं, १ जानेवारी २०२३ पासून तांदूळ-गहू फुकट आहे आणि त्यामुळे आमच्या भागात कुणी उपाशी झोपत नाही, हे मी कृतज्ञतेनं लिहितो. पण रेशनच्या पिशवीत डाळ येत नाही. हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून तर २०२२ च्या दिवाळीत राज्यानं शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि तेल होतं. ज्या वस्तू गरिबाला परवडत नाहीत म्हणून सणाला तिजोरीतून द्यायच्या, त्यांच्यावरच वर्षभर कर घ्यायचा, हे बरोबर नाही. शिवाय बाहेरून आलेल्या कित्येक मजुरांचं रेशनकार्ड गावी असतं, आणि ते इथं वापरता येतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कर शून्य केला तर पाकिटाचं प्लॅस्टिक, यंत्र, वाहतूक यांवर भरलेल्या कराचं क्रेडिट कंपनीला मिळणार नाही आणि ती ते किमतीत घालील. खरं आहे. पाच टक्के सुटले तरी पुरते पाच उतरणार नाहीत. त्याला उत्तर आहे. निर्यातदाराला जसा मागच्या कराचा परतावा देतात तसा धान्य, डाळ आणि पिठाच्या पाकिटाला द्यावा. ब्रिटनमध्ये १९७३ ला व्हॅट आल्यापासून बहुतेक खाद्यपदार्थांना असंच शून्यावर ठेवून मागचा कर परत देतात.

तिसरा आक्षेप, पाच टक्के म्हणजे असं काय मोठं! बारा हजारांच्या घराचा हिशेब मांडतो. महिन्याला तीन हजारांचा पाच टक्क्यांतला किराणा धरला, त्यात डाळ, पीठ, तेल, साखर, चहा सगळं आलं, तर वर्षाला कर होतो सतराशे रुपये. त्यात पीटीचे अडीच हजार मिळवा. बेचाळीसशे. त्या माणसाची दहा दिवसांहून जास्तीची मजुरी.

हा पेच फक्त आपलाच नाही. अमेरिकेत अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथं किराण्यावर राज्याचा चार टक्के विक्रीकर होता. आणि तिथंच राज्याचा आयकर मोजताना केंद्राला भरलेला आयकर उत्पन्नातून वजा करू देतात, म्हणजे जितका मोठा पगार तितकी मोठी वजावट. तिथल्या काही संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या की वरच्यांची ती वजावट काढा आणि त्या पैशातून किराण्यावरचा कर उठवा. वजावट अजून उठली नाही. पण किराण्याचा कर २०२३ च्या सप्टेंबरात तीनवर आणि २०२५ च्या सप्टेंबरात दोनवर आला. कान्सास राज्यानं तर १ जानेवारी २०२५ पासून राज्याचा तो कर पूर्ण काढून टाकला. श्रीमंत देशातल्या लोकांना हा प्रश्न लढण्याजोगा वाटतो, तर आपल्याला का वाटू नये?

आमच्याकडे मत मागायला सगळे येतात. नसरापूरच्या बाजारात सभा होतात, बनेश्वराला नारळ फुटतात. टोलवर बोलतात, पाण्यावर बोलतात, ते बोलायलाच हवं. पण परिषदेच्या पुढच्या बैठकीला महाराष्ट्राचा मंत्री जाईल तेव्हा त्यानं धान्य, डाळ, पीठ, गूळ आणि पोहे यांच्या पाकिटावरचा कर शून्य करण्याचा प्रस्ताव स्वतःच्या सहीनं मांडला का, हे आपण त्याला विचारलं पाहिजे. आणि मार्चमध्ये विधानसभेत व्यवसाय कराची पुरुषांसाठीची मर्यादा पंचवीस हजार झाली का, हे आपल्या आमदाराला. दोन्ही प्रश्नांची उत्तरं हो किंवा नाही अशीच येतात.